ओव्हरक्लॉकिंग, कूलिंग आणि रॅमचा वेग : सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला मी कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. मिरज, तासगाव, विटा, कराड, साताऱ्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते ज्या शब्दांत येतात जवळपास त्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. ओव्हरक्लॉकिंगचे बरेचसे व्हिडिओ एसीच्या खोलीत केलेले असतात. आपल्याला मात्र मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पुष्कळदा पत्र्याखालच्या खोलीत मशीन चालवायचं असतं. खालची सगळी उत्तरं त्या दुपारच्या हिशोबाने दिली आहेत.

१. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय करतात?

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. बेस क्लॉक बहुतेक मशीनमध्ये १०० मेगाहर्ट्झ असतो आणि त्याला गुणक लागतो. गुणक ४७ असेल तर ४.७ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारं मदरबोर्डाचं सेटिंग) जाऊन तो गुणक वाढवायचा, गरज पडली तर थोडं व्होल्टेज द्यायचं, आणि वाढलेली उष्णता बाहेर काढायची सोय करायची, एवढंच ते काम आहे.

२०११ सालचा आय५-२५००के मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा, पण लोक तो आरामात ४.५वर चालवायचे. आता तशी मोठी उडी उरलेली नाही, कारण बूस्टच्या (लोड आला की प्रोसेसर स्वतःहून वेग वाढवतो, त्या) रूपाने कंपनीच बहुतेक ताकद आधी वापरून टाकते. म्हणून आज कुणी मला विचारलं तर मी आधी रॅमचं सेटिंग बघतो, मग कूलिंग, आणि गुणकाला सगळ्यात शेवटी हात लावतो.

२. माझा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होईल का? नावावरून कसं ओळखायचं?

इंटेलमध्ये नावातल्या आकड्यांनंतर ‘के’ हवा (के, केएफ, केएस) आणि बोर्ड ‘झेड’ मालिकेचा हवा. दोन्हींपैकी एक नसेल तर गुणक हलत नाही. एएमडी रायझनमध्ये जवळपास सगळे प्रोसेसर खुले असतात, पण बोर्ड ए३२०, ए५२० किंवा ए६२० असेल तर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही. ५८००एक्स३डी हा ठळक अपवाद आहे. त्याचा गुणक कंपनीनेच बंद ठेवला आहे.

रॅमचा हिशोब वेगळा. इंटेलच्या बी५६०, बी६६०, बी७६० बोर्डांवर प्रोसेसर साधा असला तरी रॅम वेगाने चालवता येते. एच५१० आणि एच६१०वर ती मुभा नाही. महागडी रॅम घेऊन एच६१०वर लावलेली मशीन माझ्याकडे दर महिन्याला येतात. रॅम घेण्याआधी बोर्डाचं नाव मला पाठवा, पैसे वाचतील.

३. टेंपरेचर किती असलं तर काळजी करायची?

इंटेलचे अलीकडचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना स्वतःहून वेग कमी करतात, रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ला, आणि ७८००एक्स३डी ८९ला. त्या रेषेला टेकलं की लगेच जळत नाही. पण जो वेग वाढवण्यासाठी खटाटोप केला तोच तिथे परत जातो. पूर्ण लोडवर, तुमच्या खोलीतल्या सगळ्यात गरम दिवशी ८५च्या आत राहिलं तर मी समाधानी असतो. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून कमाल आकडा बघा. सरासरीचा इथे उपयोग नाही.

४. जानेवारीत सगळं नीट चालत होतं, एप्रिलपासून मशीन हँग व्हायला लागलं. काय बिघडलं असेल?

बहुधा काहीच बिघडलेलं नाही. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीपेक्षा तो किती अंश वर राहील, एवढंच कूलरच्या हातात असतं. जानेवारीत रात्री खोली २४ अंश आणि प्रोसेसर ७८ असेल, तर फरक ५४चा झाला. मे महिन्यात खोली ३८वर गेली की तोच फरक धरून प्रोसेसर ९२वर पोचतो.

त्यामुळे थंडीत सेटिंग शोधत असाल तर लोडवरचं तापमान ७०-७२च्या पुढे जाऊ देऊ नका. रॅमलाही हाच नियम लागतो, आणि तिची चूक जास्त महागात पडते. ते प्रश्न १३ आणि १४मध्ये आहे.

५. डब्यातला कूलर पुरतो का? की थेट लिक्विड कूलर घेऊ?

नुसतं रॅमचं प्रोफाइल (ते काय, हे प्रश्न ९मध्ये आहे) चालू करायचं असेल तर ६५ वॅटच्या प्रोसेसरला डब्यातला कूलर पुरतो. गुणक वाढवायचा असेल तर नाही. त्यापुढची पायरी म्हणजे चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला एअर कूलर. सहा ते आठ कोरच्या मशीनला आपल्या हवेत तो पुरेसा आहे. लिक्विडचा रेडिएटरही शेवटी खोलीतल्या हवेनेच थंड होतो. त्यात पंपाची भर पडते, आणि पंप काही वर्षांनी थकतोच. आय९सारख्या २५० वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरसाठी लिक्विड मी स्वतः सुचवतो, आय५साठी नाही.

लिक्विड लावलंच तर रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला लावा. पंप हा सगळ्यात उंच भाग असता कामा नये, नाहीतर आतली हवा पंपात जमते आणि तो घरघरायला लागतो.

आणि एक अगदी साधी गोष्ट. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म असते. ती काढल्याशिवाय बसवलेले कूलर मी स्वतःच्या हाताने उघडले आहेत.

६. मशीन साफ केल्याने खरंच फरक पडतो का? किती दिवसांनी करायचं?

या पानावरचा एकच सल्ला ऐकणार असाल तर हा ऐका. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातलं मशीन मी उघडलं होतं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये पिवळा थर इतका घट्ट बसला होता की पंखा जोरात फिरत होता, पण पलीकडे हात धरला तर वारा लागत नव्हता. ब्रशने सोडवायला घेतल्यावर तो थर पापडासारखा तुकड्यातुकड्यांनी निघाला. साफ करून नवीन पेस्ट लावली आणि तेच काम करताना तापमान ९६वरून ७१वर आलं. कूलर तोच, पंखा तोच.

आपल्या भागातली धूळ जागेप्रमाणे बदलते. विट्यात यंत्रमागाची सुताची तूस जाळीवर गोधडीसारखी बसते. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपासच्या गावांत चिमणीची काळी राख येते आणि ती पेस्टच्या कडेपर्यंत शिरते. अशा ठिकाणी दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, एरवी चार महिन्यांनी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत सुकते. नवीन लावताना वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

७. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात ठेवलंय, चालेल ना?

नाही. लाकडी कप्प्यात, मागे भिंत आणि पुढे दार, अशा जागी मशीन स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. धूळ बसू नये म्हणून वर टाकलेलं विणलेलं कापडही मशीन चालू असताना काढून ठेवा. पुढची बाजू पूर्ण काचेची असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण हवा आत यायला कडेची बोटभर फट राहते. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं भागतं. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते.

आपलं कॅबिनेट कोंडतंय का हे तपासायला बाजूचा पत्रा काढून तोच लोड द्या. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे. नवा कूलर घेऊन तो जाणार नाही.

८. खोलीत पाण्याचा कूलर लावून त्याचा वारा कॅबिनेटवर सोडू का?

खोली गार करायला जरूर लावा, पण वारा थेट मशीनवर नको. त्या वाऱ्यात बारीक तुषार असतात, आणि बोअरचं पाणी असेल तर तुषार सुकल्यावर क्षार मागे राहतात. बोर्डावर आणि रॅमच्या पिनांवर तो पांढुरका थर मी पाहिला आहे. कूलर खिडकीत, मशीन समोरच्या भिंतीला नको, बाजूला, आणि दुसरी खिडकी उघडी.

९. रॅमवर ३२०० लिहिलंय, पण सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसतं. दुकानदाराने फसवलं का?

नाही. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा माहितीची देवाणघेवाण. खरा क्लॉक १६०० आणि वेग त्याच्या दुप्पट, ३२००. सीपीयू-झेड खरा क्लॉक दाखवतं, टास्क मॅनेजर दुप्पट आकडा दाखवतो.

पण टास्क मॅनेजरमध्ये २१३३, २४०० किंवा २६६६ दिसत असेल, तर रॅम खरोखरच हळू चालली आहे. डब्यावरचा वेग आपोआप लागत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलवर एक्सएमपी किंवा एएमडीवर एक्सपो किंवा डीओसीपी या नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं. डीडीआर५मध्ये अशी रॅम बहुधा ४८००वर अडकलेली दिसते. पैसे ६०००चे दिलेले असतात आणि वर्षभर ४८००वर काम चाललेलं असतं. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण दुरुस्ती दोन मिनिटांची असते.

१०. वेग जास्त बघायचा की सीएल कमी बघायचा?

सीएल म्हणजे मागितलेली माहिती द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा. दोन्हींचा मिळून हिशोब करा. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, म्हणजे उशीर नॅनोसेकंदात मिळतो. ३२०० सीएल१६ला १० येतात, ३६०० सीएल१८लाही १० आणि डीडीआर५ ६००० सीएल३०लाही १०च. २६६६ सीएल१९ला मात्र १४.२५ येतात आणि ४८०० सीएल४०ला १६.७. उशीर सारखा असेल तर जास्त वेगाची रॅम घ्या, कारण तिच्यातून एका वेळी जास्त माहिती जाते.

११. १६ जीबीची एक स्टिक घेऊ की ८-८च्या दोन?

दोन. एका स्टिकने एकच चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) चालतो, आणि वेगाच्या सेटिंगने जे मिळतं त्याहून कितीतरी जास्त इथे गमावलं जातं. ५६००जीसारख्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या प्रोसेसरवर तर गेमचा सगळा खेळ रॅमवरच असतो. चार खाचा असलेल्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरा. जोड एकाच पाकिटातला घ्या. एकाच कंपनीची, त्याच नावाची रॅम वर्षभराने घेतली तर आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि मग प्रोफाइल लागत नाही.

१२. रायझनला किती वेगाची रॅम योग्य?

३००० आणि ५००० मालिकेला ३६००, ७००० मालिकेला ६०००. ३००० आणि ५००० मालिकेत प्रोसेसरच्या आतली इन्फिनिटी फॅब्रिक नावाची वाट, मेमरी कंट्रोलर (रॅम सांभाळणारा प्रोसेसरचा भाग) आणि रॅम हे तिघं एकाच तालात चालले पाहिजेत. ३६००ला तिघंही १८००वर असतात. रॅम ४०००ची घेऊन फॅब्रिकला ते झेपलं नाही की कंट्रोलर अर्ध्या वेगावर येतो आणि उशीर वाढतो. जास्त पैसे देऊन मशीन हळू होतं ते असं. ७००० मालिकेत फॅब्रिक वेगळं चालतं, पण कंट्रोलर आणि रॅम बरोबर राहावेत हा नियम तोच. इंटेलमध्ये ११व्या पिढीपासून याला गिअर १ (कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने) आणि गिअर २ (कंट्रोलर अर्ध्या वेगावर) म्हणतात. डीडीआर४ असेल तर गिअर १ टिकेल तिथेच थांबा.

१३. रॅमलाही पंखा लागतो का?

प्रोफाइलवरच चालवणार असाल तर वेगळा लागत नाही, कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी. रॅममध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि तो सतत झिरपत असतो, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा भरावं लागतं. तापलं की झिरपणं वाढतं. डीडीआर४मध्ये ही भरणी ६४ मिलिसेकंदांत एकदा होते, ८५ अंशांच्या वर ती ३२मध्ये करावी लागते. टायमिंग (रॅमच्या प्रत्येक कामाला दिलेला वेळ) हाताने आवळली असतील, विशेषतः टीआरईएफआय (दोन भरण्यांमधलं अंतर) वाढवला असेल, तर ५० अंशांच्या पुढेच चुका सुरू होऊ शकतात. डीडीआर५च्या स्टिकवर व्होल्टेजचा नियंत्रकही बसवलेला असतो, तोही तापतो.

१४. सेटिंग केल्यावर टेस्ट किती वेळ चालवायची? अर्धा तास पुरेल?

प्रोसेसरसाठी सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण लोड देणारी टेस्ट) अर्धा तास ही निव्वळ सुरुवात आहे. रॅमसाठी मेमटेस्ट८६चे (विंडोजच्या बाहेर चालणारी रॅमची टेस्ट) चारही पास होऊ द्या. रात्री लावून झोपा. एकही चूक चालणार नाही, ‘एकच आली’ असं म्हणू नका.

हे मी एवढ्या जोराने सांगतो त्याला कारण आहे. एका लग्नाच्या फोटोग्राफरचं मशीन मी जानेवारीत करून दिलं. ३२००ची रॅम ३७३३वर चढवली. रात्रभर टेस्ट चालली, चूक शून्य. एप्रिलच्या शेवटी, भर लग्नसराईत त्याचा फोन आला. अल्बमचे फोटो उघडल्यावर वरचा अर्धा भाग नीट आणि खालच्या भागात राखाडी पट्टे. नवरीच्या चेहऱ्यावरून आडवी पट्टी गेलेली मी स्क्रीनवर पाहिली. मशीन एकदाही हँग झालं नव्हतं, ब्लू स्क्रीन नव्हता. ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट रॅमवर जात होती आणि रॅम ५८ अंशांवर होती. चूक माझी होती. टेस्ट मी थंडीत, ग्राफिक्स कार्ड रिकामं असताना केली होती. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर शिल्लक होते म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी टेस्ट दुपारी करतो, ग्राफिक्स कार्डवर लोड ठेवून, विंडोजमध्येच. मेमटेस्ट८६ त्याच्या आधी. आणि कामाच्या मशीनवर सेटिंग बदलण्याआधी बॅकअप घेतो.

१५. नवीन डीडीआर५ लावली, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. बोर्ड गेला का?

थांबा, बंद करू नका. पहिल्यांदा आणि प्रोफाइल बदलल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. यात काही मिनिटं जाऊ शकतात. पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही तर प्लग काढा, सीमॉसचा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि एकाच स्टिकवर, दुसऱ्या खाचेत, चालू करून बघा. पावसाळ्यात, विशेषतः महाबळेश्वर-पाटणकडच्या मशीनमध्ये, पिनांवर ओलाव्याचा थर येतो. मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की बऱ्याचदा काम होतं.

१६. व्होल्टेज किती वाढवलं तर चालतं?

जितकं कमी तितकं बरं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.७वरून ५.० गिगाहर्ट्झला जाताना व्होल्टेज १.२५वरून १.३५ केलं, तर वेग साडेसहा टक्क्यांच्या आत वाढतो आणि उष्णता सुमारे २४ टक्के. आपल्या उन्हाळ्यात हा सौदा परवडत नाही. मी उलट दिशा सुचवतो. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करणारं बायोसमधलं सेटिंग) उणे ठेवा, इंटेलवर पॉवर लिमिट कंपनीच्या आकड्यावर आणा. तापमान उतरतं आणि बूस्ट जास्त वेळ टिकतो.

डीडीआर४ला एक्सएमपीचे १.३५ व्होल्ट ठीक, रोजच्या वापरात १.४च्या पुढे मी जात नाही.

दोन ठिकाणी बायोस अपडेट टाळू नका. रायझन ७०००एक्स३डीचे काही प्रोसेसर २०२३मध्ये जळाले. एक्सपो चालू केल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे जाणारं) फार वर नेत होते. नंतरच्या बायोसने ते १.३ व्होल्टवर बांधलं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. ऑगस्ट २०२४पासूनच्या बायोसमध्ये त्यावर १.५५ व्होल्टची मर्यादा आली, आणि इंटेलने हमी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर मात्र अपडेटने सुधारत नाही.

१७. गावात लाइट वर-खाली होते. ओव्हरक्लॉक करू का?

शेतपंपांचा लोड आला की कित्येक गावांत व्होल्टेज उतरतं. एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणारा डबा) लेबलवर इनपुट बघा. १००-२४० लिहिलं असेल तर ठीक. २००-२४० असेल तर आधी स्टॅबिलायझर किंवा चांगला एसएमपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो. ओव्हरक्लॉक केलेलं ग्राफिक्स कार्डचं मशीन त्याच्या वर गेलं की लाइट गेल्याक्षणी यूपीएससकट सगळं बंद पडतं. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर वेगाचा विचार बाजूला ठेवा.

१८. लिक्विड कूलर लावला, प्रोसेसर ६५वर आहे, तरी वेग पडतो. असं कसं?

व्हीआरएम तापत असेल. प्रोसेसरला वीज पुरवणारे हे भाग त्याच्या भोवतीच असतात. डब्यातल्या कूलरचा पंखा खाली फुंकतो, त्याचा वारा त्यांनाही मिळायचा. लिक्विड आल्यावर तो वारा बंद झाला. स्वस्त बोर्डावर व्हीआरएमला हीटसिंकही नसतो. मागच्या किंवा वरच्या पंख्याने तिथे हवा खेळवा, नाही जमलं तर गुणक एक-दोनने उतरवा.

१९. टेस्टमध्ये चूक नाही, पण रॅमचा वेग वाढवल्यावर स्कोअर कमी झाला. का?

दोन शक्यता आहेत. पहिली प्रश्न १२मध्ये सांगितलेली, ताल तुटल्याची. दुसरी डीडीआर५ची. तिच्या चिपमध्ये छोट्या चुका आतल्या आत दुरुस्त करणारी सोय असते. त्यामुळे काठावरची रॅम काही काळ धडधाकट दिसते. वेगाची प्रत्येक पायरी चढल्यावर टेस्टबरोबर स्कोअरही लिहून ठेवा. स्कोअर घसरला की एक पायरी मागे या. ही सोय म्हणजे सर्व्हरची पूर्ण ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम) नव्हे. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही.

२०. ३२ जीबी आहे, अजून दोन स्टिक लावून ६४ केली तर प्रोफाइल चालेल?

डीडीआर५वर बहुधा नाही. रायझन ७०००ला एएमडी दोन स्टिकवर ५२०० सांगते, चार लावल्या की ३६००. काही मशीनवर त्याहून जास्त निघतं, पण त्या भरवशावर पैसे घालू नका. ६४ हवी असेल तर जुन्या विकून ३२-३२चा जोड घ्या.

२१. वॉरंटी जाते का?

नेमून दिलेल्या वेगाबाहेर चालवल्यामुळे झालेलं नुकसान प्रोसेसरच्या हमीत बसत नाही, आणि एक्सएमपी-एक्सपोसुद्धा कंपन्या ओव्हरक्लॉकिंगच धरतात. रॅमची कंपनी मात्र छापलेल्या वेगाची हमी देते. बिल जपून ठेवा.

२२. उन्हाळ्याला वेगळं आणि थंडीला वेगळं सेटिंग ठेवता येतं का?

येतं, आणि मी बहुतेक गिऱ्हाइकांना तसंच करून देतो. बायोसमध्ये सेटिंग जतन करायला जागा असते, प्रत्येकाला नावही देता येतं. एकाला ‘मे’ म्हणा, एकाला ‘डिसेंबर’. ‘मे’मध्ये रॅमचं प्रोफाइल चालू, प्रोसेसर मूळ वेगावर, पॉवर लिमिट बांधलेली. ‘डिसेंबर’मध्ये गुणक दोनने वर. होळीनंतर ‘मे’ लावा. पाऊस सुरू झाला म्हणून लगेच बदलू नका, दिवाळीपर्यंत तेच राहू द्या, कारण ऑक्टोबरचं ऊन असतंच. बायोस अपडेट केल्यावर ही जतन केलेली सेटिंग बऱ्याच बोर्डांवर पुसली जातात, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.